दीड नंबरचं खातं

नोव्हेंबर २००४मध्ये ब्रह्मदेशातल्या लष्करी सरकारने तुरुंगांचे दरवाजे उघडले. पहिल्या घोषणेत ३,९३७ कैदी होते, मग आकडा वाढतच गेला. सुटणाऱ्यांत बहुतेक साधे गुन्हेगार होते, पण सिट्वेच्या तुरुंगातून मिन को नाइंगही बाहेर आले. १९८८च्या विद्यार्थी उठावाचे हे पुढारी मार्च १९८९पासून आत होते. गेले तेव्हा सव्वीस वर्षांचे, आले तेव्हा बेचाळीस. या सुटकेचं सरकारने दिलेलं कारण जगावेगळं होतं. राष्ट्रीय गुप्तवार्ता विभागाने गैरपद्धतीने काम केल्यामुळे या लोकांना तुरुंगवास घडला असावा, असं सरकारी निवेदन सांगत होतं. कोंडणारं सरकार तेच, सोडणारंही तेच. दोष तेवढा कानांवर ढकलून धनी मोकळा झाला.

त्याच्या महिनाभर आधी, १८ ऑक्टोबरला, त्या कानांचा मालक मंडालेहून परतताना पकडला गेला होता. जनरल खिन न्युंट तेव्हा देशाचा पंतप्रधान होता आणि वीस वर्षं लष्करी गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना निवृत्त होऊ दिलं आहे. चारच दिवसांत गुप्तवार्ता विभागाचा कायदा रद्द झाला. खात्याचे अधिकारी देशभरातून गोळा करण्यात आले आणि त्यातले कित्येक ज्या तुरुंगांत लोकांना धाडत असत तिथेच जाऊन बसले.

हे पुस्तक त्या खात्याबद्दल आहे. त्याची कागदोपत्री नावं अनेकदा बदलली. लोक मात्र नुसतं ‘एमआय’ म्हणत, तेही आवाज खाली आणून. मीही तेच म्हणणार आहे. देशाचं नाव मात्र मी ब्रह्मदेश असंच ठेवलं आहे. जून १९८९मध्ये लष्कराने एका फर्मानाने ‘म्यानमार’ केलं; मराठीत शंभर वर्षं रुळलेला शब्द जनरलांच्या सोयीसाठी सोडावा असं मला वाटलं नाही.

हेर म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहिर्जी नाईक उभे राहतात. वेश पालटून परमुलखात शिरायचं, खडानखडा खबर आणायची आणि ती आपल्या राजापुढे ठेवायची. लष्करी हेर म्हणजे सरहद्दीपलीकडे रोखलेले डोळे, ही आपली समजूत तिथून येते. एमआयचे डोळे पहिल्यापासून घरातच वळलेले होते, आणि त्याला कारणही होतं. १९४८च्या जानेवारीत देश स्वतंत्र झाला, मार्चमध्ये कम्युनिस्टांनी बंड केलं, पुढच्या वर्षी कारेन उठले. त्या सैन्याने परक्या फौजेशी फारशी लढाई केलीच नाही. त्याचा शत्रू आपल्याच देशाचं नागरिकत्व बाळगून शेजारच्या गल्लीत राहत होता. अशा सैन्याच्या गुप्तवार्ता खात्याला नागरिक आणि शत्रू यांतला फरक कळेनासा होणं ही फक्त वेळेची बाब असते. १९६२मध्ये जनरल ने विनने सत्ता घेतली आणि ती वेळ आली.

ने विन स्वतः जपान्यांच्या हाताखाली घडलेला. १९४१मध्ये हैनान बेटावर गुप्तपणे लष्करी शिक्षण घेतलेल्या तीस तरुणांपैकी तो एक. जपानी लष्करी पोलिसांची, केंपेताईची, दहशत रंगूनने नंतर तीन वर्षं अनुभवली. वरून दबावाची ही जपानी रीत आणि खालून इंग्रजांनी मागे ठेवलेली कागदांची व्यवस्था, असं या खात्याचं बांधकाम होतं. इंग्रजांचा वाटा आपण सहसा विसरतो. ब्रह्मदेश १९३७पर्यंत हिंदुस्थानचाच प्रांत होता, त्यामुळे दंडसंहिताही आपलीच. आपलं आणि त्यांचं नातं तसं कैदखान्यांचंच: त्यांचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत, आपले टिळक त्यांच्या मंडालेत. टिळकांना ज्या १२४ अ कलमाखाली मंडालेला पाठवलं ते कलम त्याच क्रमांकासह ब्रह्मी दंडसंहितेत राहिलं आणि फेब्रुवारी २०२१मध्ये लष्कराने दुरुस्ती करून त्याला नव्याने धार लावली.

ने विनला लोक दबक्या आवाजात ‘नंबर एक’ म्हणत. सत्तरीच्या दशकात त्याचा गुप्तवार्ता प्रमुख होता टिन ऊ. अमेरिकेच्या सीआयएने त्याला सायपान बेटावर शिकवल्याचं लिहिलं गेलं आहे. याला लोकांनी नाव ठेवलं ‘दीड नंबर’. ब्रह्मी माणसाच्या विनोदबुद्धीला इथे दाद द्यावी लागते. दोन नंबर हा माणूस खुर्चीच्या रांगेत असतो, एक दिवस त्याची पाळी येते. दीड नंबर रांगेत नसतो. तो एकच्या इतका जवळ असतो की मध्ये पूर्ण आकडा मावत नाही. कुठला ब्रिगेडियर कुणाच्या घरी जेवला, कुठल्या मंत्र्याच्या बायकोने परदेशातून काय आणलं, हे सगळं त्याच्या दप्तरात. धन्याला या माहितीची गरज असते म्हणून तो नोकर ठेवतो. मग एका रात्री धन्याच्या मनात येतं: याच्याकडे माझं दप्तर नसेल कशावरून?

मे १९८३मध्ये टिन ऊ गेला. सरकारी पैशाच्या गैरवापराचा आरोप, जन्मठेप. त्याच्यासोबत गृहमंत्री बो नी गेला, तोही या खात्यात मुरलेला. मागोमाग त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांची रांग लागली. खातं वरपासून पोखरलं गेलं.

त्याची किंमत पाच महिन्यांत मोजावी लागली. ९ ऑक्टोबर १९८३. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष चुन डू-ह्वान रंगूनच्या दौऱ्यावर होते आणि श्वेडगोन पॅगोडाजवळच्या हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहणार होते. उत्तर कोरियाच्या तीन लष्करी हस्तकांनी स्मारकाच्या छपरात आधीच बॉम्ब दडवून ठेवले होते. राष्ट्राध्यक्षांना यायला काही मिनिटं उशीर झाला. त्यांच्या राजदूताची गाडी आधी पोहोचली, बिगूल वाजला, आणि लांब उभ्या असलेल्या हस्तकाला वाटलं पाहुणा आला. त्याने कळ दाबली. २१ माणसं गेली. त्यांत कोरियाचे परराष्ट्रमंत्री आणि अनेक ज्येष्ठ सहकारी होते. परक्या देशाचे सैनिक राजधानीत येतात, देशाच्या सगळ्यात पवित्र राष्ट्रीय जागेच्या छपरावर चढतात, बॉम्ब लावून उतरतात, आणि घराघरात कोण झोपलं आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या राज्याला पत्ता लागत नाही. पळणारे हस्तक सापडले तेही नदीकाठच्या सामान्य लोकांच्या नजरेमुळे.

खिन न्युंट या स्फोटानंतर खात्यावर आला. त्याने ते पुन्हा उभं केलं आणि टिन ऊच्या काळात नव्हतं इतकं पसरवलं.

आता ते घराघराचं. रात्री बाराचा सुमार. दारावर थाप पडते. वॉर्डाचा अधिकारी पुढे, मागे गणवेशातले, एखादा साध्या कपड्यातला, कोणाच्या तरी हातात बॅटरी. कुटुंबयादी मागितली जाते. घरात किती माणसं नोंदलेली आहेत ते बघून मच्छरदाण्या वर केल्या जातात आणि झोपलेली डोकी मोजली जातात. आकडा जुळला तर मंडळी पुढच्या दाराकडे वळतात. एक डोकं जास्त निघालं तर प्रश्न सुरू होतात: हा कोण, कुठून आला, वर्दी का दिली नाही? मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याची वर्दी द्यायची सक्ती इंग्रजांच्या १९०७च्या कायद्यांतली. एमआयने ती शोधून काढली नाही, फक्त कधी मोडू दिली नाही. पुढे २०१२च्या सुधारित कायद्यातही ती टिकली: दंड दहा हजार क्यातपर्यंत किंवा सात दिवस कैद. शिक्षा तशी किरकोळ. पण पोराच्या मित्राला रात्री ठेवून घेताना आईला जो विचार करावा लागतो, लग्नाला आलेल्या मावशीची नोंद करायला जे हेलपाटे घालावे लागतात आणि वॉर्डातल्या कारकुनाला ज्या चहापाण्याची सवय लागते, त्यात राज्य रोज घरात येऊन बसतं. हेरखातं म्हटलं की आपण छुपे मायक्रोफोन शोधतो. ब्रह्मदेशात त्याचं मुख्य हत्यार हजेरीपट होतं.

हजेरीत अडकलेला माणूस ये-ची-आइंगसारख्या चौकशी केंद्रात जाई. डोक्यावर बुरखा, कुठे आणलं हे कळू नये म्हणून. झोप नाही. सुटलेल्या कैद्यांच्या जबान्यांत एक प्रकार वारंवार येतो, त्याला ‘मोटारसायकल’ म्हणत. अर्धवट बसायचं, गुडघे वाकलेले, हात हँडल धरल्यासारखे पुढे, आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. अधिकारी वळणं सांगणार. पाय थरथरून माणूस कोसळला की मार, मग पुन्हा गाडी सुरू. ‘विमान’ही होतं, त्यात हात पसरायचे. या जबान्या वाचताना मला मारापेक्षा तो तोंडाने काढायचा आवाज अधिक छळत राहिला. हाडं मोडण्याआधी माणसाला स्वतःच्याच नजरेत हास्यास्पद करून टाकायचं, हे कुणीतरी बसून विचारपूर्वक ठरवलेलं असणार.

छापील शब्दाकडेही खात्याचं लक्ष होतं. नव्वदीच्या दशकात मासिकं आधी छापून मग तपासणीला द्यावी लागत, आणि तपासणी मंडळात लष्करी गुप्तवार्तेच्या माणसांचा वावर होता. हरकत आली की संपादकाने स्वतःच्या खर्चाने, प्रत्येक प्रतीत, तो मजकूर रंगाने झाकायचा किंवा पान फाडायचं. झाकायला रुपेरी रंग वापरत. कल्पना करा, कथेच्या मध्यावर दोन परिच्छेद चकचकीत रुपेरी चौकोनाखाली गेलेले आहेत. पान उजेडाला तिरपं धरलं की चौकोन चमकतो. वाचकाला कथा नसली तरी एवढं कळतं की इथे काहीतरी वाचण्यासारखं होतं. जाहिरात म्हणून याहून चांगलं काही सुचलं नसतं.

माणसं माहीत असणं वेगळं आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते माहीत असणं वेगळं. एमआयला पहिलं पुरेपूर जमलं, दुसरं कधीच नाही. सप्टेंबर १९८७मध्ये ने विनने २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा भरपाई न देता रद्द केल्या आणि ४५ व ९०च्या नव्या काढल्या, कारण नऊ हा त्याचा शुभ आकडा. लोकांच्या गाडग्यामडक्यातली बचत एका दिवसात रद्दी झाली. वर्षभराच्या आत, ८ ऑगस्ट १९८८ला, देश रस्त्यावर होता. १८ सप्टेंबरला सैन्याने हजारोंचं रक्त सांडून सत्ता पुन्हा हातात घेतली, खिन न्युंट नव्या लष्करी राज्यमंडळाचा चिटणीस क्रमांक एक झाला. आणि इतकं होऊनही १९९०मध्ये त्यांनी निवडणूक घेतली! लढवलेल्या ४८५ जागांपैकी ३९२ आंग सान सू ची यांच्या पक्षाला गेल्या. त्या स्वतः तेव्हा घरात नजरकैदेत होत्या. हे होणार याचा अंदाज असता तर मतपेट्या एवढ्या सरळपणे मोजल्या गेल्या नसत्या, असं मला वाटतं. भीतीने बोलणारा माणूस विचारणाऱ्याला हवं तेच सांगतो. दहा हजार खबऱ्यांनी तेच सांगितलं तरी ती दहा हजार वेळा ऐकलेली एकच गोष्ट असते.

मग खातं माहिती कशासाठी जमवत होतं? याचं उत्तर १९८९च्या दोन पत्रकार परिषदांत मिळतं. ऑगस्टमध्ये खिन न्युंटने तासन्‌तास बोलून सिद्ध केलं की ८८चा उठाव हा भूमिगत कम्युनिस्टांचा कट होता. सप्टेंबरमध्ये तितकंच बोलून सिद्ध केलं की तो परदेशी हस्तक आणि देशातल्या त्यांच्या बगलबच्च्यांचा कट होता. दोन्ही भाषणांची जाडजूड पुस्तकं निघाली, पकडलेली पत्रं आणि फोटो यांनी भरलेली. पाच आठवड्यांत कट डावीकडून उजवीकडे गेला आणि पुरावे दोन्हीकडे भरपूर. पुराव्याचं गोदाम असलं की निष्कर्ष मागणीप्रमाणे पुरवता येतो. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ही पुस्तकं सोन्यासारखी आहेत, कारण खात्याची नजर कुठवर पोहोचत होती ते त्यांनी स्वतःच छापून ठेवलं.

(८८नंतर जंगलं तुडवत भारतात आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना दिल्लीत जॉर्ज फर्नांडिस यांनी आपल्या सरकारी बंगल्याच्या आवारात जागा दिली. मुंबईच्या कामगारांचे जॉर्ज पुढे संरक्षणमंत्री झाले, तरी ही मंडळी तिथेच राहिली. आणि त्याच सुमारास भारत सरकार ब्रह्मी जनरलांशी सलोखा करत होतं. या गमतीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहायचा मोह मी आवरला.)

इथवर चित्र एकरंगी आहे. पुढचा भाग लिहिताना मला सगळ्यात जास्त खोडाखोड करावी लागली. कारण हेच खातं, हाच खिन न्युंट, देशातल्या सतरा सशस्त्र गटांशी युद्धबंदी करून बसला. १९८९मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या फौजेत बंडाळी झाली. कोकांग आणि वा सैनिकांनी आपल्याच नेत्यांना हाकललं. खिन न्युंट तातडीने पोहोचला, एके काळचा अफूचा बादशहा लो शिंग-हान याला मध्यस्थ करून. शस्त्रं ठेवा, मुलूख ठेवा, धंदा करा, फक्त आमच्यावर गोळी झाडू नका. पुढच्या काही वर्षांत काचिनसारखे जुने लढवय्येही आले. सही बहुधा कशावर होत नसे. शब्द असे, आणि शब्द देणारा माणूस एमआयचा असे. सीमेवरच्या सरदारांची नावं, त्यांची मुलं, त्यांचे आजार, कोणाला कुठली व्हिस्की आवडते, हे ज्यांना माहीत होतं ते सगळे या खात्यात होते. परदेशी वकिलातीही बोलायला यांच्याकडेच जात. इंग्रजीत, हसून बोलणारे जनरल दुसरीकडे नव्हतेच. यातून खिन न्युंट ‘मवाळ’ आहे असा समज पसरला, तो काही विद्वानांनीही उचलला. मला तो पटत नाही. ये-ची-आइंग चालवणारा मवाळ नसतो. तो सावकारासारखा असतो, बुडीत कर्जापेक्षा हप्ता परवडतो हे त्याला कळलेलं असतं. पण रक्त कमी सांडलं हेही खरं, आणि ते लपवून हे पुस्तक लिहिता आलं नसतं.

हप्त्यांबरोबर पैसाही आला. १९९६च्या कायद्याने परवानगीशिवाय मोडेम बाळगणाऱ्याला सात ते पंधरा वर्षं शिक्षा ठेवली. त्याच वर्षी लिओ निकल्स या वृद्ध उद्योजकाला, काही युरोपीय देशांच्या माजी मानद वाणिज्यदूताला आणि सू ची यांच्या स्नेह्याला, विनापरवाना फॅक्स मशीन ठेवल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. जूनमध्ये ते कोठडीत वारले. आणि काही वर्षांनी देशात इंटरनेट देणारी ‘बगान सायबरटेक’ ही कंपनी चालवत होता कोण? खिन न्युंटचा मुलगा.

तेव्हा २००४. चीनच्या सीमेवरच्या म्यूज नाक्यावर सैन्याने एमआयच्या माणसांवर छापे घातले, पैसा आणि सोनं सापडलं, आणि निमित्त मिळालं. निमित्तच, कारण म्यूजच्या नाक्यावर हात न धुतलेला अधिकारी त्या सैन्यात शोधावा लागला असता. खरी गोष्ट १९८३चीच होती: पायदळाच्या सेनापतींना आपली दप्तरं दुसऱ्याच्या कपाटात नको होती आणि तेव्हाचा नंबर एक, लष्करशहा थान श्वे, याला दीड नंबर नको होता. खिन न्युंटला ४४ वर्षांची शिक्षा झाली, ती घरातच भोगायला सांगितलं. अटकेनंतर आठवडाभरात थान श्वे दिल्लीच्या दौऱ्यावर होता, एवढा निर्धास्त. दप्तरं जप्त झाली, माणसं तुरुंगात गेली, आणि सीमेवरच्या सरदारांचे फोन उचलायला कोणी उरलं नाही. २००९मध्ये कोकांगची युद्धबंदी मोडली, २०११मध्ये काचिनांची. दोन्हीला इतर कारणंही होती, पण ओळखीचा आवाज नाहीसा झाला हे त्यांतलं छोटं कारण नव्हे.

खातं संपलं नाही. नवं नाव आलं, लष्करी व्यवहार सुरक्षा. लोक ब्रह्मी आद्याक्षरांवरून ‘सा-या-फा’ म्हणू लागले. २००४ची साफसफाई ज्या रंगूनच्या सेनाधिकाऱ्याच्या हातून झाली आणि ज्याच्याकडे मग हे नवं खातं आलं, तो मिंट स्वे. पुढे तो उपराष्ट्राध्यक्ष झाला. १ फेब्रुवारी २०२१च्या सकाळी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष अटकेत गेल्यावर तो काळजीवाहू राष्ट्राध्यक्ष बनला आणि त्याने सत्ता सेनाप्रमुख मिन आंग ह्लाइंगच्या हाती देणाऱ्या कागदावर सही केली. लोकनियुक्त सरकारने २०१६मध्ये पाहुण्यांच्या वर्दीची सक्ती काढून टाकली होती. सत्तापालटानंतर दोन आठवड्यांत ती परत आली. खबऱ्यांना ब्रह्मी लोक ‘दलान’ म्हणतात, मराठी कानाला त्यात आपला ‘दलाल’ ऐकू येतो. त्या वर्षी रंगूनच्या वस्त्यांतून दलानांच्या याद्या फिरू लागल्या. आता लोकही हजेरीपट ठेवत होते.

खिन न्युंट २०१२च्या जानेवारीत सुटला. त्याने घराच्या आवारात कलादालन काढलं, सोबत कॉफीचं दुकान. पर्यटक जात, फोटो काढत, तोही हसून उभा राहत असे. आठवणींचं पुस्तकही लिहिलं. त्याचा उपयोग मी जपून केला आहे. तारखांसाठी त्याचा आधार घेतला, पश्चात्तापाच्या पानांसाठी नाही.

पुढची प्रकरणं काळाच्या क्रमाने आहेत. ज्यांना तुरुंगाची वर्णनं सोसत नाहीत त्यांनी चौथं वगळलं तरी चालेल, दुवा तुटणार नाही. पहिलं प्रकरण १ मार्च १९६२च्या रात्री सुरू होतं. चीनहून आलेल्या बॅले कंपनीचा खेळ रंगूनमध्ये चालू आहे, प्रेक्षकांत ने विन बसला आहे. खेळ संपल्यावर तो प्रमुख नर्तिकेचं अभिनंदन करतो आणि निघतो. पहाटे रणगाडे शहरात आहेत. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साव श्वे थाइक यांना पकडायला सैनिक त्यांच्या घरी पोहोचतात, गोळ्या सुटतात, आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा मरून पडतो.